‘मुलीने ओळखले’

कोलकात्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी जुन्या छायाचित्रांच्या विभागात. तिथल्या कॅटलॉगमध्ये नऊवारी नेसलेल्या एका तरुण बाईच्या फोटोखाली माझ्या अक्षरात एक ओळ होती: ‘खिदिरपूर गोदीतील मराठी कर्मचाऱ्याची पत्नी. मुलीने ओळखले.’ ती ओळ खोटी होती आणि लिहितानाही मला ते माहीत होतं. आता ती दुरुस्त झाली आहे. पण कॅटलॉगमध्ये कारणं लिहायला जागा नसते, म्हणून ती इथे लिहितो आहे.

माझा जन्म इथलाच. वडील इथल्या एका शाळेत गणित शिकवायचे. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली. महाराष्ट्रात मी सुट्यांमध्ये आणि लग्नकार्यांना जाऊन आलो तेवढाच. सगळे दिवस जोडले तरी वर्षभर भरायचे नाहीत. पण ऑफिसात मी एकटा मराठी. त्यामुळे देणगीत एखादी वस्तू आली आणि ती कुठली हे कळेना, की ती माझ्या टेबलावर यायची. अडकित्ता, पगडी, विड्याचं तबक, तलवारीची मूठ. “हे तुमच्याकडचं ना?” असं वरिष्ठ विचारायचे. मी कधी ‘माहीत नाही’ म्हटलं नाही. कधी घरी येऊन आईला विचारायचो, कधी अंदाजानं ठोकून द्यायचो. एकदा एका लाकडी पेटीला मी मराठी बायकांची कुंकवाची पेटी ठरवलं. ती कुठल्याशा ओडिया घरातली मसाल्याची पेटी निघाली. सगळे हसले, मीही हसलो. पुढची वस्तू पुन्हा माझ्याच टेबलावर आली.

एस्प्लनेडजवळचा एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा मालकाच्या घरच्यांनी तिथल्या काचेच्या निगेटिव्ह ग्रंथालयाला दिल्या. आम्ही त्यांना प्लेटाच म्हणायचो. काही हजार होत्या. प्रत्येक प्लेटच्या कडेला खरवडलेला एक आकडा असे. तो आकडा कोणाचा, हे स्टुडिओच्या ऑर्डरच्या वहीत लिहिलेलं असणार. पण वही त्या सामानात नव्हती. त्यामुळे आमच्याकडे चेहरे होते आणि आकडे होते, नावं नव्हती.

एका सुटीत वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटला आणि खालच्या कपाटातली अकरा खोकी भिजली. प्लेटा एकमेकींना चिकटल्या. अशा प्लेटा थंड पाण्यात ठेवून, घाई न करता, एकेक करून सोडवता येतात. काही वाचतात, काही जातात. मी ते काम शिकलो होतो. एका खोक्याला आठवडा लागला असता आणि महिन्याभरात तपासणी होती. मी कडेचे आकडे वाचून यादी केली, वर ‘ओळख अशक्य, जतनास अयोग्य’ असं लिहिलं, वरिष्ठांची सही घेतली आणि खोकी भंगारात गेली. कोणी काही विचारलं नाही. काम वेळेत झाल्याबद्दल शाबासकी मिळाली.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी ताई आल्या. त्यांना मी ताई म्हणायचो, त्या मला भाऊ. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, तेव्हा साठीच्या, मुलींच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना कोणीतरी माझ्याबद्दल सांगितलं होतं.

“तुम्हीच ना ते फोटोवाले?” त्यांनी दारातूनच विचारलं आणि बसायच्या आत बोलायला सुरुवात केली. “माझे वडील खिदिरपूरला गोदीत कारकून होते. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची. वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवी आई चांगली होती हो, मला काही कमी केलं नाही तिनं. पण म्हणाली, पहिलीचा फोटो समोर असला की मला स्वयंपाक करवत नाही. वडिलांनी तो काढला. मग कुठे गेला, कोणी सांगितलं नाही. आत्या म्हणायची, एस्प्लनेडच्या त्या स्टुडिओत काढला होता. तिच्या उभ्या आयुष्यात तेवढा एकदाच.”

मी विचारलं, “एखादी खूण? चेहरा?”

“चेहरा माहीत असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?”

मग त्यांनी अविधवा नवमीचं सांगितलं. पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. मुलीनं हे करायचं नसतं असं म्हणतात, पण ताईंच्या माहेरी करायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्या करायच्या. “सवाष्णीला पाटावर बसवते आणि आईचं नाव घेते. नुसतं नावच. डोळे मिटले की समोर काहीच येत नाही.”

मी म्हटलं, “सापडेल, ताई.”

अकरा खोक्यांबद्दल मी बोललो नाही. पुढचं सगळं या न बोलण्यातून झालं. त्या दिवशी मी ‘असेलही, किंवा गेलेल्या खोक्यांत असेल’ एवढं म्हटलं असतं, तर त्या हळहळून घरी गेल्या असत्या आणि हा लेख लिहावा लागला नसता.

मी शोधायला लागलो. जेवणाच्या सुटीत एकेक खोकं काढायचं, दिव्याच्या पेटीवर प्लेट ठेवायची, नऊवारी दिसते का बघायचं. ताई एक बुधवार सोडून एका बुधवारी यायच्या. पिशवीत कधी चकल्या असत, कधी नारळाच्या वड्या. शेजारच्या टेबलावरचे बंगाली सहकारी त्यांना लांबून पाहिलं की मला म्हणायचे, “तुमच्या दीदी आल्या. आज प्लेट सापडू देऊ नका हां, वड्या बंद होतील.”

दीड वर्षात तीन बायका मिळाल्या. पहिली साठीची. दुसरी नवरा आणि तीन मुलांसह. तिसरी एकटी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. विशीतली, गोल चेहऱ्याची, कासोटा घातलेली, पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतलेला. वय बसत होतं, काळही साधारण बसत होता. पण तिच्या नाकातली चमकी उजवीकडे होती.

आपल्या बायका नाकात घालतात ते डावीकडे. एवढं मला, कोलकात्यात वाढलेल्यालाही, आई-मावशांकडे बघून माहीत होतं. काचेची प्लेट उलटीकडून पाहिली की उजवं डावं होतं, म्हणून मी ती तपासली. प्लेटची एक बाजू मंद असते, ज्यावर चित्र उमटलेलं असतं. दुसरी चकचकीत, नुसती काच. मी प्लेट बरोबर धरली होती. चमकी उजवीकडेच होती. म्हणजे ही बाई बहुतेक मराठी नव्हती. कासोटा घालून नऊवारी दक्षिणेतही कितीतरी घरांत नेसतात, हे माझ्या बायकोनं मला दोन वाक्यांत सांगितलं असतं. मी तिला विचारलंच नाही. प्लेट परत खोक्यात ठेवली.

पुढच्या वेळी ताई आल्या तेव्हा बसल्या नाहीत. “बायपास सांगितलीये. पुढच्या खेपेला मी यायची नाही. त्याच्या पुढचं देव जाणे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, भाऊ. दीड वर्ष खपलात, कोण एवढं करतं? नसेल माझ्या नशिबात.”

मी म्हटलं, “एक प्लेट मिळाली आहे. दोन दिवस द्या.”

डार्करूमची एक किल्ली माझ्याकडे असायची. फोटोग्राफर घरी गेल्यावर संध्याकाळी पाचनंतर मी प्रिंट काढली. प्लेटची मंद बाजू कागदाकडे ठेवायची असते. मी चकचकीत बाजू ठेवली. त्यामुळे सगळं उलट उमटलं आणि चमकी डावीकडे आली. पदर दोन्ही खांद्यांवर असल्यामुळे त्यात काही खटकलं नाही. हातून चूक झाली असं मी पुढे स्वतःलाही कधी सांगू शकलो नाही, कारण प्लेट उलटी ठेवण्याआधी मी दार आतून बंद केलं होतं.

ताईंना इस्पितळात दाखल करायच्या आदल्या दिवशी मी प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघून म्हणाल्या, “माझं कपाळ हिच्यासारखंच आहे, नाही?”

मी म्हटलं, “हो.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी कॅटलॉगचं कार्ड भरलं. कोणी ओळखलं, असा एक रकाना असतो. तिथे ‘मुलीने’ असं लिहिलं. मुलीनं माझ्या सांगण्यावरून ओळखलं आणि मी मुलीचा दाखला दिला. दोन्ही बाजूंनी पुरावा होता आणि दोन्हीकडे मीच होतो.

ऑपरेशन चांगलं झालं. आज ताई एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत.

फोटो त्यांच्या भिंतीवर लागला. मंडळाच्या स्मरणिकेत तो ‘कोलकात्याच्या आद्य मराठी गृहिणींपैकी एक’ म्हणून छापून आला. त्याच कार्यक्रमात शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला आणि मी तो घेतला. चार शब्द बोललोही. ‘आपल्या माणसांचे चेहरे जपणं हे आपलं कर्तव्य’, असं काहीतरी. पुढे दोन अभ्यासकांनी आपापल्या लेखांत तो फोटो वापरला, माझ्या ओळीसकट.

आणि नवमीची सवाष्ण म्हणून ताईंनी माझ्या बायकोला बोलावायला सुरुवात केली. “तुमच्यामुळे आई दिसली, तर जेवायला वहिनीच पाहिजेत.” पंचवीसहून जास्त वर्षं, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आम्ही दर नवमीला त्यांच्याकडे जेवलो. गोविंदभोग तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी. हिला पाटावर बसवून ताई हात जोडायच्या, आधी फोटोला, मग हिला. मी शेजारी बसायचो आणि फोटोकडे पाठ येईल अशी जागा धरायचो. ताईंच्या सुनेला वाटायचं मला पंख्याचा वारा लागतो. ती पंखा कमी करायची.

यंदा श्रावणात मला ग्रंथालयातून फोन आला. आता तिथे सगळ्या प्लेटांचं स्कॅनिंग चाललं आहे आणि ते काम बघते ती एक तिशीतली बंगाली मुलगी. मला ‘जेठू’ म्हणते, म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. माझं अक्षर लागलं नाही की फोन करते. या वेळी म्हणाली, “जेठू, एकदा प्रत्यक्ष या. वही सापडली.”

स्टुडिओच्या मालकाच्या नातीनं घर रिकामं करताना ऑर्डरची वही काढून आणून दिली होती. कापडी बांधणीची, जाडजूड, मधली काही पानं वाळवीनं खाल्लेली. मुलीनं एक पान उघडलं, एका आकड्यावर बोट ठेवलं. पुढे एक तेलुगू आडनाव होतं, रेल्वेतला हुद्दा होता आणि इंग्रजीत लिहिलं होतं: पत्नी, उभी, पूर्ण आकृती.

“हा तुमच्या मराठी बाईंचा आकडा,” ती म्हणाली. “आणि अजून एक. स्कॅनमध्ये नाकातली चमकी उजवीकडे आहे, आपल्या जुन्या प्रिंटमध्ये डावीकडे. प्रिंट उलटी निघालीये. तेव्हाचे फोटोग्राफर इतके निष्काळजी होते?”

“तो चांगला माणूस होता. प्रिंट मी काढली.”

“चुकून?”

मी म्हटलं, “नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग माझंच कार्ड पुढे केलं. “‘मुलीने ओळखले.’ मुलीला आईचा चेहरा आठवत होता?”

“आई गेली तेव्हा ती दीड वर्षाची.”

“दीड वर्षाच्या बाळाची साक्ष घेतलीत, जेठू?”

ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. मी तिला सगळं सांगितलं, आत्ता इथे लिहिलं तेवढं. शेवटी म्हणाली, “त्या आजींच्या वडिलांचं आडनाव काय?”

आम्ही दोघांनी वही पहिल्या पानापासून चाळली. दोन तास लागले. ते आडनाव एकदाच होतं, पुढे ‘खिदिरपूर, गोदी’. मराठीत सांगायचं तर ती ओळ अशी: ‘पत्नी, बसलेली, मांडीवर मूल. दोन प्रती.’ आणि आकडा. मुलगी आनंदानं खुर्चीतून उठली. “आकडा आहे म्हणजे प्लेट असेल. काढू?”

तिनं संगणकावर आकडा घातला. तो आकडा तिथे नव्हता. त्याच्या मागचे-पुढचेही नव्हते. मी म्हटलं, “निकाली काढलेल्या वस्तूंची फाइल बघ. पाइप फुटला होता त्या वर्षीची.” ती फाइल घेऊन आली. यादीच्या दुसऱ्या पानावर, वरून सहावा, माझ्या अक्षरात, तो आकडा होता. वर माझंच वाक्य: ओळख अशक्य, जतनास अयोग्य.

मुलीनं फाइल मिटून विचारलं, “चहा सांगू?” मी नको म्हटलं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

“म्हणजे इतकी वर्षं मी कोणाच्या नावानं जेवले?”

“नाव ताई त्यांच्या आईचंच घ्यायच्या. फोटो एका तेलुगू बाईचा होता.”

“ती नवऱ्याआधी गेली होती?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही! ती बाई म्हातारी होऊन, नवऱ्यामागे वीस वर्षं काढून गेली असेल आणि आपण तिची अविधवा नवमी करतोय. नाहीतर तेव्हा चक्क जिवंत असेल. जित्या बाईला आपण हार घालतोय! आणि तुम्ही शेजारी बसून वडे मागून घेत होतात.” मग आवाज उतरवून म्हणाली, “आणि खरीचा फोटो?”

मी खोक्यांचं सांगितलं. ते तिला वड्यांपेक्षा जड गेलं असावं, कारण अर्धी चिरलेली भाजी तशीच ठेवून ती आत गेली. रात्रीचं जेवण झाल्यावर एवढंच म्हणाली, “तुम्ही सांगणार की मी?”

“मी.”

“मग नवमीच्या आधी. त्या फोटोसमोर मी आता पाटावर बसायची नाही.”

ताई आता न्यू टाउनला नातवाच्या फ्लॅटवर असतात, मुलगा-सून बरोबर. मी पितृपक्ष लागायच्या आदल्या आठवड्यात गेलो. सुनेनं दार उघडलं. “बरं झालं आलात, आई वहिनींना फोन करायचंच म्हणत होत्या नवमीसाठी.” ताई खिडकीशी बसल्या होत्या. ऐकू नीट येतं, डोळ्यांना मात्र आता भिंग लागतं. फोटो त्यांच्या समोरच्या भिंतीवर होता.

मी बसल्याबरोबर सांगायला लागलो, नाहीतर सांगितलं गेलं नसतं. “ताई, तो फोटो तुमच्या आईचा नाही. मला तेव्हाही शंका होती. चमकी दुसऱ्या बाजूला होती, म्हणून मी मुद्दाम उलटी प्रिंट काढली.”

त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच बघत राहिल्या. “ही कोण मग?”

“रेल्वेतल्या एका तेलुगू माणसाची बायको.”

“तिची मुलंबाळं?”

“अजून कळलं नाही. शोधताहेत.”

“माझं कपाळ हिच्यासारखं आहे का, असं मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“तुम्ही हो म्हणालात.”

“हो.”

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो, आईंचं ऑपरेशन होतं ना तेव्हा? चांगल्यासाठीच केलं असेल त्यांनी.” मला ते वाक्य धरून बसता आलं असतं. पण अजून अर्धं सांगायचं होतं. मी पाइपचं सांगितलं, खोक्यांचं सांगितलं, वहीतला आकडा माझ्या यादीत निघाला ते सांगितलं. “तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या आधीच ती प्लेट मी टाकून दिली होती. सोडवायचा प्रयत्न केला असता तर कदाचित वाचली असती. ते मी तुम्हाला कधी बोललो नाही.”

ताईंनी विचारलं, “प्रयत्नाला किती दिवस लागले असते?”

“त्या खोक्याला आठवडा.”

“आठवडा,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही आता जा, भाऊ.”

मी उठलो. सुनेनं पाणी आणलं होतं, ते तसंच राहिलं.

नवमीच्या दोन दिवस आधी ताईंचा फोन आला, बायकोला. नेहमीसारखं बोलावणं केलं, आणि म्हणाल्या, “भाऊंना यंदा नको.” ही एकटी गेली. परत आली तेव्हा हातात ओटीचा खण-नारळ होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली फोटोची फ्रेम. भिंतीवर काही नव्हतं म्हणाली. ताईंनी आईचं नाव घेतलं आणि हिला वाढलं. जेवताना माझा विषय निघाला नाही. निघताना फ्रेम हातात देऊन म्हणाल्या, “ही दुसऱ्याची आई आहे. जिची आहे तिला पोचवायला सांगा.”

मी फ्रेम ग्रंथालयात नेऊन दिली. बंगाली मुलीनं ती टाकली नाही. उलटी काढलेली प्रिंट म्हणून तिला वेगळा क्रमांक दिला आणि कॅटलॉगसाठी माझ्याकडून लेखी निवेदन घेतलं. मी लिहिलं होतं, ‘सहानुभूतीपोटी चुकीची ओळख दिली.’ तिनं वाचलं आणि म्हणाली, “जेठू, सहानुभूतीपोटी हा शब्द काढू? कशापोटी ते पुढच्या माणसाला काय करायचंय?” मी काढ म्हटलं. खरं तर तेवढा एकच शब्द मी विचार करून लिहिला होता. जुन्या लेखांच्या अभ्यासकांनाही तिनं कळवलं. एकाचं उत्तर आलं, दुसरे आता नाहीत. मंडळालाही मी पत्र दिलं. शाल परत करतो असं त्यात लिहिलं होतं, तर अध्यक्ष फोनवर म्हणाले, “अहो, शाल कुठे परत घेतात का!” ती अजून कपाटात आहे.

दसरा होऊन गेल्यावर ताईंनी मला बोलावणं पाठवलं, सुनेकरवी. ‘वहीतली ती ओळ घेऊन या’, असा निरोप होता. मी त्या पानाची प्रत घेऊन गेलो.

ताईंनी भिंग धरून ती ओळ शोधली. वडिलांचं आडनाव मोठ्यानं वाचलं. मग पुढचं. “मांडीवर मूल.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “हे तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत.”

“तुम्ही जा म्हणालात.”

“मांडीवर मूल म्हणजे मीच की.”

मी विचारलं, “तुमच्या आधी कोणी होतं का, ताई?”

“भाऊ होता. माझ्याहून दीड वर्षानं मोठा. आठ महिन्यांचा होऊन गेला.”

मी त्यांना पानाचा माथा दाखवला. तारीख तिथे लिहायचे, आणि तेवढाच भाग वाळवीनं खाल्ला होता. आधीच्या आणि नंतरच्या शाबूत पानांवरून दोन-अडीच वर्षांचा पल्ला निघत होता. “तेवढ्यात तोही बसतो आणि तुम्हीही बसता.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटतं ते मी आता सांगणार नाही.”

सून माझ्या शेजारी येऊन बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “म्हणा ना हो, त्याच म्हणून. एक्क्याण्णवव्या वर्षी आता कोण तपासायला येणार आहे? तेवढंच त्यांना बरं वाटेल.”

“मला ऐकू येतं गं,” ताई म्हणाल्या. “त्यांना नको भरीला घालूस. एकदा हो म्हणून झालंय त्यांचं.” मग माझ्याकडे वळल्या. “मांडीवर कोणीतरी होतं, एवढं तरी नक्की?”

“नक्की.”

“आणि ती बसली होती. उभी नव्हती.”

“बसली होती.”

“मग तेवढं मराठीत लिहून द्या. मोठ्या अक्षरात.”

मी प्रतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: ‘आई बसलेली. मांडीवर मूल; कोणतं ते माहीत नाही. दोन प्रती काढल्या. प्लेट उरलेली नाही.’

ताईंनी कागद भिंगाखाली धरून शेवटपर्यंत वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला. “ती कोणामुळे उरली नाही, ते राहिलं.”

मी पेन उघडलं आणि तेही लिहिलं.